कोरड्या खुंटीवर

मुलुंड,
६ जुलै १९५६

ती. सौ. मालनवहिनींना सुलक्षणेचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. दत्तारामभावोजींचा पाय अजून फळ्यांत बांधलेला आहे, तेव्हा आपण भावाच्या शेवटाला आलो नाही म्हणून त्यांनी जिवाला लावून घेऊ नये. माडावरून पडलेला माणूस पायावर निभावला हेच खूप. ते धडधाकट असते तरी बोटी बंद, घाटात दरडी, आणि ह्यांच्या तापाने आठवडाभराचीसुद्धा सवड दिली नाही. कुणीच पोचलं नसतं.

आईंनी विचारलेलं लिहिते, त्यांना सावकाश वाचून दाखवा. अग्नी आपल्या वाडीतल्या धोंडूने दिला. तो आमच्याच चाळीत तळमजल्याला राहतो, सख्ख्या भावासारखं सगळं त्यानेच केलं. अस्थी नाशिकला नेऊन सोडल्या त्याही त्यानेच. राख मात्र आईंच्या निरोपाप्रमाणे सगळी ठेवली आहे. सासऱ्यांची राख कोळंबच्या खाडीत गेली, तिथेच ह्यांचीही जाईल. बोटी सुरू झाल्या की मी स्वतः घेऊन येते.

ती ठेवायची कुठे, हा मात्र मोठा पेच झाला. घरात आणायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. तिकडे अंगणातल्या फणसाला बांधून ठेवली असती. इथे एका खोलीच्या बिऱ्हाडाला अंगण कुठलं? जिन्यात टांगावी तर पोरं चेंडू खेळतात. शेवटी धोंडू म्हणाला, "वहिनी, त्याच्याच बागेत नेऊ या."

बागेचं तुम्ही ऐकलंच असेल. चाळीच्या मागे विहिरीलगत उकिरडा होता. हे कारखान्यातून आले की तिथे फावडं घेऊन जायचे. लोक हसायचे, "सहदेव, हंडा सापडला तर अर्धा आमचा!" जमीन साफ झाल्यावर ह्यांनी बिऱ्हाडागणिक एकेक डालड्याचा रिकामा डबा, तारेची कडी लावून, नेऊन दिला. शेगडीची राख ह्यात भरायची, बागेतल्या खोपीत आणून टांगायची, आणि भाजी निघाली की आपला वाटा न्यायचा. वर्गणी नाही की अध्यक्ष नाही. पानांवर माव्याची कीड पडली की ती राख झाडांवर मारायची, उरली तर बुंध्याशी घालायची.

ह्यांची राखही तशाच एका डब्यात आहे. वर पांढरं फडकं बांधून डबा खोपीत आढ्याला टांगला आहे. संध्याकाळी जाऊन त्याच्यापुढे दिवा लावते. घरी परतायला मग मन घेत नाही.

तुमची,
सुलक्षणा

•

कोळंब,
१७ जुलै १९५६

चि. सुलक्षणा हीस अनेक आशीर्वाद.

लिहायला बसले तर हात आपोआप 'सौ.'कडे गेला. खोडवेना, म्हणून तो कागद चुलीत घातला आणि हा दुसरा घेतला.

पत्र आईंना वाचून दाखवलं. एकदा नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर. नाशिकचं ऐकून त्यांनी हात जोडले. राख खोपीत टांगली आहे म्हटल्यावर मात्र उठून आत गेल्या. दुपारी मी तांदूळ निवडत होते तर जवळ येऊन म्हणाल्या, "त्या खोपीचा छप्पर गळता काय, ता इचार. माझ्या झिलाक भिजत ठेवू नको म्हणान लिही."

मी म्हटलं, "आये, तो डब्यात आहे गो, वर फडकं बांधलंय."

"डब्यात असो नायतर खय असो. तू लिही."

तेव्हा लिहिते आहे. छप्पर गळत असलं तर डबा कोरड्या जागी हलव. त्यांना मुलाचं तोंड बघायला मिळालं नाही. आता त्यांचं सगळं लक्ष त्या डब्यावर आहे. खाडीत उतरून आपल्या हाताने सोडणार म्हणतात. बायका राख सोडत नाहीत असं भटजींनी सांगितलं, तर त्यांना म्हणाल्या, तुम्ही काठावर थांबा.

आमच्या घरातले म्हणतात, सुलक्षणेने आता तिकडचं आवरून कायमचं इकडेच यावं. माझं म्हणशील तर ते पुढचं पुढे. आधी राख घेऊन ये. पहिल्याच बोटीने. आणि त्या बागेत दहा माणसं ये-जा करतात असं दिसतं, तर नजर ठेव.

तुझी,
मालन

•

मुलुंड,
५ ऑगस्ट १९५६

ती. सौ. वहिनींना नमस्कार.

आईंना तिथे बसून कसं कळलं? तुमचं पत्र वाचून मी तशीच खोपीत गेले, तर खरंच डब्यावर थेंब थेंब पाणी पडत होतं. फडकं चिंब. मी पदराने डबा पुसला आणि तिथेच रडत उभी राहिले. आता मला कारखान्यात जायचं आहे, पण धोंडूला बजावून ठेवलं आहे, आजच्या आज डबा कोरड्या जागी हलव. आईंना म्हणावं, निर्धास्त राहा.

कारखाना कुठला ते सांगायचं राहिलंच. इथे औषधाच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायचं काम मिळालं आहे. ते मिळवून दिलं आमच्या भिंतीपलीकडच्या वसुधाबाईंनी. त्यांचे यजमान रेल्वेत कारकून आहेत. वहिनी, ह्या बाई दोन वर्षं माझ्याशी नळावरसुद्धा बोलत नव्हत्या. सोवळं एवढं कडक की बागेला राख द्यायला लागल्या तरी त्यांचा डबा खोपीत सगळ्यांपासून लांब, वरच्या खुंटीवर. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. हे थट्टेने म्हणायचे, वसुधाबाईंच्या राखेची वांगी चातुर्मासात चालतील.

हे गेल्यानंतर चाळीतली माणसं यायची तेवढी येऊन गेली, मग ज्याचं त्याचं दार. मीही माझं लावून घेतलं असतं. एक दिवस वसुधाबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, "वांग्यावर मावा पडलाय. मला एकटीला काही उमगत नाही. चला." त्यांना चांगलं उमगतं, हे मला पुढे कळलं. मी गेले. दुसऱ्या दिवशी पडवळाच्या मांडवाचं काहीतरी निघालं. तिसऱ्या दिवशी कुणी बोलवायच्या आधीच मी उठले. वाफ्यात ओणवं होऊन दोघी काम करत असलो की एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, आणि मग बोलता येतं. त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, हे मला तिथेच कळलं. दोन वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि मला ठाऊक नव्हतं.

आता सगळी चाळ बागेचं बघते. ह्यांची पाळी लोकांनी आपापसांत वाटून घेतली. संध्याकाळी सुपात भाजीचे वाटे पडतात, तेव्हा पहिला वाटा माझ्या दाराशी येतो. नको म्हटलं तर रागावतात. भावोजींना सांगा, कायमचं यायचं म्हणतात त्यावर मी विचार करीन, पण माझा इथे अगदीच जीव जात नाही.

नारळी पौर्णिमा होऊ दे, बोटीच्या तिकिटाचं बघते.

तुमची,
सुलक्षणा

•

कोळंब,
१२ सप्टेंबर १९५६

सुलक्षणा,

आशीर्वाद वगैरे तू गृहीत धर. मी रागात आहे.

बोटी सुरू होऊन किती दिवस झाले! गणपतीला अर्धी मुंबई इथे उतरली. आपल्या वाडीतला दशरथ आला, त्याच्या शेजारचे आले. तू नाहीस, तुझं पत्र नाही. बोटीच्या दिवशी आई सकाळी न्हाऊन, न जेवता मालवणच्या धक्क्यावर जाऊन बसतात. राख घ्यायची तर उपाशी घ्यावी म्हणून. बोटीतली माणसं उतरवून आणणारा शेवटचा पडाव किनाऱ्याला लागला की उठतात आणि घरी येऊन भात खातात. मला काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझं मागचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. त्यात बाग, वसुधाबाई, पडवळ, वाटे. कळतं मला. तुला इथे यायचं नाही. नको येऊस, कोण जबरदस्ती करतंय? पण त्या म्हातारीचा मुलगा तिला देऊन जा, एवढंच मागणं आहे. तुझा जीव बागेत रमला असेल, तिचा त्या डब्यात अडकलाय. पितृपक्ष तोंडावर आला. सर्वपित्री अमावस्येच्या आत राख खाडीत जायला हवी.

दशरथ मुंबईला परत येतो आहे. तुला येणं जमत नसेल तर तसं कळव, तो पुढच्या खेपेला घेऊन येईल.

मालन

•

मुलुंड,
१८ सप्टेंबर १९५६

ती. सौ. वहिनी,

हे पत्र आईंसमोर उघडू नका. आधी एकट्या वाचा.

राख नाही.

मी मागचं पत्र पेटीत टाकून कामावर गेले, त्याच दिवशी धोंडूने डबा हलवला. त्याचं काही चुकलं नाही. खोपीत एकच जागा ठणठणीत कोरडी होती, ती म्हणजे वसुधाबाईंची वरची खुंटी. त्याने मनात म्हटलं, ह्या खुंटीला कुणी हात लावत नाही, इथेच सुरक्षित राहील. वसुधाबाईंचा डबा काढून त्याने बाजूला ठेवला आणि आपला तिथे टांगला. फडकं चिंब भिजलेलं होतं, ते सोडून मांडवावर वाळत घातलं. वसुधाबाईंना सांगायचं म्हणून वर गेला तर त्या देवळात गेलेल्या. मग त्याच्या कामाच्या पाळीची वेळ झाली, तो निघून गेला. मलाही त्या दिवशी यायला रात्र झाली, दिवा लावायला खोपीत जाणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावा फार वाढलेला बघून वसुधाबाई खोपीत गेल्या. डबे सगळे सारखेच. त्यांच्या खुंटीवरचा डबा त्यांचाच असणार, दुसऱ्या कुणाची छाती आहे तिथे डबा टांगायची? त्यांनी तो काढला आणि विहिरीजवळच्या वांग्याच्या वाफ्यात सगळी राख घातली. मी डबा शोधायला लागले तेव्हा मला त्यांनीच सांगितलं. "मी मुठीमुठीने घातली हो सुलक्षणा. एकेका रोपाच्या बुंध्याशी. हात आखडता घेतला नाही."

तोवर पावसाची जोरदार सर येऊन गेली होती. मी वाफ्यापाशी गेले तेव्हा काळी माती आणि ओली पानं, बाकी काही नव्हतं. मी मातीत हात घातले. काय वर काढणार होते?

त्याच संध्याकाळी वसुधाबाईंनी नळावर उभं राहून सगळ्या चाळीला सांगितलं, म्हणजे नकळत कुणी त्या वाफ्यातलं खाऊ नये. मग त्या घरात गेल्या, त्या अजून बाहेर आलेल्या नाहीत. यजमान पाणी भरतात, यजमान बाजार करतात. बागेत कुणी फिरकत नाही. भेंड्या झाडावर निबर झाल्या. लोकांनी आपापले डबे परत नेले. कुणी मला दोष दिला नाही, त्यांनाही नाही, पण सगळे खाली बघून जातात. दोन वर्षांत जे जुळून आलं होतं ते असं गेलं.

धोंडू म्हणाला, "वहिनी, राखेला तोंड असतं काय? शेगडीतली भरून न्या. म्हातारीचं समाधान होईल." मी भरली, वहिनी. फडकंही बांधलं. भाऊच्या धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. आई ती राख हातात घेऊन काय बोलतील, कुठल्या नावाने हाक मारतील, ते डोळ्यांसमोर आलं. मी रांगेतून निघाले, डबा समुद्रात ओतला आणि परत आले. मला बागेत रमायचं होतं म्हणून मी आले नाही असं नाही. मला तोंड नव्हतं.

एक विनवणी आहे. सांगायचं तर आईंना सांगा राख गेली, माझ्या हातून गेली म्हणा. पण डबा कशासाठी हलवला ते सांगू नका. छप्पर गळतं का असं त्यांनी विचारलं नसतं तर तो तिथेच राहिला असता. हे त्यांना कधी कळता कामा नये.

सुलक्षणा

•

कोळंब,
२५ सप्टेंबर १९५६

चि. सुलक्षणा,

माझ्या मागच्या पत्रातलं एक अक्षर मनात ठेवू नको. मी काय समजले आणि तुझ्यावर काय गुदरलं होतं!

तुझं पत्र मी गोठ्यात उभी राहून वाचलं. घडी करून ओच्यात खोचलं, तोंडावर पाणी मारलं, आणि काहीच न झाल्यासारखी घरात आले. आई ओसरीवर होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाच."

मी म्हटलं, सगळं खुशाल आहे.

"माझो झील गेलो. त्याच्यापरास वायट आता काय येवचा रवला? वाच."

मी वाचलं. वगळून वाचायचं असं ठरवलं होतं. पण त्या माझ्या ओठांकडे बघत बसतात गं, आणि मी नको त्या जागी अडखळले. त्यांनी पुन्हा मागून वाचायला लावलं. तू सांगू नका म्हणालीस तेसुद्धा माझ्या तोंडून गेलं. मला क्षमा कर.

त्या रडल्या नाहीत. विचारलं, "थंय ऊन येता?" मला काय माहीत? मी येतं म्हटलं. मग दोन दिवस त्या धक्क्यावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लुगडं झटकून गाठोडं बांधलं आणि म्हणाल्या, "माका बोटीर बसय."

त्या कधी मालवणच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. आमच्या घरातल्यांनी समजावलं, मी पाया पडले. ऐकत नाहीत. दशरथाचं जाणं लांबलं होतं, तो आता येत्या रविवारच्या बोटीने निघतो आहे, त्याच्या सोबतीने येतील. कशाला येतात ते सांगत नाहीत. मला भीती वाटते, सुलक्षणा. त्या वसुधाबाईंना काही बोलल्या तर तू मध्ये पडू नको. त्या बाईंवर माझासुद्धा राग नाही, पण आईचा जीव आहे. तिला काय वाटेल ते बोलू दे.

तुझी,
मालन

•

मुलुंड,
२ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. वहिनींना साष्टांग नमस्कार.

आई सुखरूप पोचल्या. बोट लागली म्हणून अंगात कणकण होती, आज बऱ्या आहेत. काल काय झालं ते नीट लिहिते, कारण तुम्ही काळजीत असाल.

दशरथाने त्यांना चाळीच्या दाराशी आणलं. मी पाया पडले तर पाठीवर हात ठेवला, पण वर यायला तयार नाहीत. "खयच्या वाफ्यात?" एवढंच. मी त्यांना बागेत नेलं. वांगी तशीच झाडावर पिवळी पडून लोंबत होती. त्या वाफ्याच्या कडेला बसल्या. हात मात्र लावला नाही. ऊन चढेपर्यंत बसून होत्या. मी मागे उभी होते. शेवटी मीच म्हटलं, "आई, इथली मूठभर माती बांधून देऊ? खाडीत सोडता येईल."

"नको. एकदा हलवलंव तितक्या पुरे झाला. आता तेका परत हलवू नको."

मग इकडेतिकडे बघू लागल्या. वाळलेले वेल, मोडका मांडव, निबर भेंड्या. "ह्या असा कित्याक?" मी सांगितलं, लोकांनी बाग सोडली. तेव्हा त्यांना राग आला. राग आलेला मी तेवढाच बघितला. धोंडू आला होता, त्याला म्हणाल्या, "माझ्या झिलान लोकांच्या पोटासाठी ह्या केल्यान. ह्यो एक वाफो सोडून देवा, बाकीचो बंद करू नकात. सांग सगळ्यांका." वाफ्याभोवती दगड लावून घ्यायला सांगितलं. धोंडू लगेच दगड गोळा करायला लागला.

आणि मग त्यांनी विचारलं, "राख कोणी घातल्यान?"

वहिनी, तुमचं पत्र माझ्या कनवटीला होतं. मध्ये पडू नको म्हणून तुम्ही लिहिलं होतं. मी नाव सांगितलं. आई जिना चढल्या आणि वसुधाबाईंचं दार वाजवलं. दार उघडलं तेव्हा मी त्या बाईंना ओळखलं नाही, अशा झाल्या होत्या. त्या आईंच्या पायांवर पडायला वाकल्या, तर आईंनी दंडाला धरून उभं केलं. मी डोळे मिटून घेतले.

"राख सोडल्यावर न्हावचा लागता," आई म्हणाल्या. "तुका कोणी सांगूक नाय? इतके दिस तशीच रवलंस?"

वसुधाबाईंना कळलंच नाही. मलाही नाही. आईंनी मग समजावून सांगितलं. गेलेल्या माणसाची राख ज्याच्या हातून जाते त्याने तिथल्या तिथे डोक्यावरून न्हायचं असतं, नाहीतर त्याची सुटका होत नाही. खाडीत सोडली असती तर त्या स्वतः न्हाल्या असत्या. सोडली वसुधाबाईंनी. समजून सोडली की न समजता, हा प्रश्नच नव्हता. ते काम घरच्या माणसाचं, आणि ते त्यांच्या हातून झालं होतं. आई त्यांना दोष द्यायला आल्याच नव्हत्या. त्या बाई न्हाल्याशिवाय राहिल्यात, ह्या काळजीने त्या कोळंबहून बोटीत बसून आल्या होत्या.

हाताला धरून त्यांना विहिरीवर आणलं. दुसऱ्याच्या हातचं पाणी न पिणारी बाई, पण आली. आईंनी स्वतः रहाट ओढला. मी पुढे झाले तर मला बाजूला सारलं. वसुधाबाईंना पायरीवर बसवलं, अंबाडा सोडला, आणि लेकीला न्हाऊ घालावं तसं डोक्यावर पाणी ओतलं. एक कळशी, मग दुसरी. वसुधाबाई मोठ्याने रडायला लागल्या. चाळीच्या गॅलरीत सगळी बिऱ्हाडं येऊन उभी होती.

"सुटलंस गे बाय," आई म्हणाल्या. "तूय सुटलंस, तोय सुटलो. जा, लुगडा बदल. आज आमच्याकडे जेवचा."

वसुधाबाई उठल्या, मी त्यांच्या खांद्यावर कोरडं पातळ टाकलं. मला वाटलं झालं. मी कळशी उचलून घरी निघाले.

आई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या त्याच ओल्या पायरीवर खाली बसल्या होत्या, पदर काढून मांडीवर घेतलेला, पांढरे केस मोकळे सोडलेले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डबो माझ्या सांगण्यान हललो. आता माझ्या डोक्यार वत."

मी नको म्हणणार होते. तुमच्यामुळे काही झालं नाही आई, असं म्हणणार होते. पण म्हटलं नाही. मी रहाटाला हात घातला, कळशी भरली आणि त्यांच्या डोक्यावर ओतली.

तुमची,
सुलक्षणा